गाठोड्यातली मोटार



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणून आहोत. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि वेदान्त यांची चर्चा व्हावयाची, तेथे संगणकावरच्या शर्यतींतील मोटारी आणि त्यांची गाठोडी बांधण्याची रीत हा काय विषय झाला? आमचे म्हणणे एवढेच की, एका माणसाने फावल्या वेळात केलेली वस्तू त्याला कधीही न भेटलेल्या माणसाच्या हाती धड कशी पोचवावी, हा प्रश्न पोरखेळाचा नाही. आपण मात्र तो आज एका खेळाच्याच आधाराने पाहू.

१९९९ साली अक्लेम या कंपनीच्या लंडनमधील स्टुडिओने ‘री-व्होल्ट’ नावाचा खेळ तयार केला. दुरून बिनतारी चालविण्याच्या खेळण्यातल्या मोटारी गल्लीतून, संग्रहालयातून, बाजाराच्या दालनांतून पळवावयाच्या, एवढाच त्याचा मामला. २००४ साली कंपनीचे दिवाळे वाजले. दुकान बंद झाले की माल संपतो, असा व्यवहाराचा नियम. येथे तो चालला नाही. खेळाचे हक्क पुढे इतरांकडे गेले, पण खेळ जिवंत ठेवला तो हौशी मंडळींनी. त्यांनी नव्या मोटारी घडविल्या, नवे रस्ते बांधले, आणि ‘आरव्हीजीएल’ या नावाने खेळाचे यंत्रच नव्याने उभारून तो विंडोजखेरीज लिनक्सवर आणि अँड्रॉइडच्या फोनवरही चालता केला. हे सारे एका हातातून दुसऱ्या हाती गेले ते झिपच्या गाठोड्यांतून.

हे शक्य झाले याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. त्यात ‘कार्स’ नावाचे एक फोल्डर आहे आणि प्रत्येक मोटारीला त्याच्या आत स्वतःचा कप्पा. कप्प्यात काय असते? सांगाड्याचा आकार सांगणारी फाइल, चाकांच्या फाइली, टक्कर झाली असता कोणता भाग आपटला हे ठरविणारी एक, अंगावरच्या रंगरूपाचे चित्र, आणि ‘पॅरामीटर्स’ नावाचा साधा मजकूर. त्या मजकुरात मोटारीचे नाव, वजन, वेग, चाके कोठे बसतात, सारे लिहिलेले असते, आणि साध्या संपादकात ते कोणालाही वाचता येते. आपण आपला कप्पा तयार करून शेजारी ठेवला की खेळ तो उचलतो.

आता गंमत पाहा. त्या मजकुरात सांगाड्याची फाइल कोठे आहे याचा पत्ताही असतो, आणि त्या पत्त्यात कप्प्याचे नाव असते. म्हणजे घेणाऱ्याने आवडीप्रमाणे कप्प्याचे नाव बदलले की घराची पाटी बदलली, पण पोस्टमनच्या हातातले पत्र जुन्याच नावाचे, अशी अवस्था होते. मोटार यादीत दिसते आणि रस्त्यावर उतरत नाही! बांधणाऱ्याने ‘कार्स’, त्यात मोटारीचा कप्पा, आणि त्यात फाइली, अशी उतरंड गाठोड्यातच ठेवली, तर घेणाऱ्याने ते खेळाच्या मुख्य फोल्डरात उलगडले की प्रत्येक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसते. उतरंड न ठेवता सुट्या फाइली कोंबल्या, तर त्या मुख्य फोल्डरात पसरतात आणि लग्नघरच्या चपलांसारखी त्यांची दशा होते.

नावाची आणखी एक अडचण आहे. आपल्या लिपीत लहान अक्षरे आणि मोठी अक्षरे हा भेद नाही, म्हणून ती आपल्या चटकन लक्षात येत नाही. विंडोज रोमन लिपीतील लहान-मोठे अक्षर एकच मानते. लिनक्स मानीत नाही. एकाच्या घरी उत्तम धावणारी मोटार दुसऱ्याच्या घरी सापडतच नाही, याचे कारण पुष्कळदा एखादे थोरले अक्षर एवढेच असते. म्हणून सर्व नावे लहान अक्षरांत लिहावीत. शिवाय दोघांनी आपापल्या कप्प्याला एकच नाव दिले तर नंतर आलेली मोटार आधीच्या मोटारीला गिळते. त्यासाठी कप्प्याच्या नावात स्वतःच्या टोपणनावाची दोन अक्षरे घालावीत, हे उत्तम.

आता हे गाठोडे लहान कसे होते, ते पाहू. २५६ ठिपके लांब आणि तितकेच रुंद असे एक चित्र घ्या. ठिपके झाले ६५,५३६. प्रत्येकाच्या रंगासाठी तीन बाइट. म्हणजे १,९६,६०८ बाइट झाले. पण त्या चित्रात तांबडा पत्रा सलग तांबडाच आहे. ‘तांबडा, तांबडा, तांबडा’ असे हजारदा लिहिण्याचे कारण काय? आपल्या आरत्यांच्या पुस्तकात ध्रुवपद एकदा पूर्ण छापतात आणि पुढच्या कडव्यांखाली नुसते ‘ध्रु.’ लिहितात. म्हणणारा मागे जाऊन ओळ उचलतो, एक अक्षरही गमावीत नाही. ‘इतके मागे जा आणि इतके उचल’ हीच युक्ती १९७७ साली याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी शास्त्रशुद्ध मांडली. दुसरी युक्ती तारायंत्राच्या जातीची. मोर्सच्या लिपीत इंग्रजीत वारंवार येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब आहे. जे पुष्कळदा येते त्याला आखूड खूण द्यावी, या कल्पनेची सर्वोत्तम रीत डेव्हिड हफमन याने एमआयटीत विद्यार्थी असताना शोधली आणि १९५२ साली प्रसिद्ध केली.

या दोन्ही युक्त्या एकत्र गुंफून ‘डिफ्लेट’ ही पद्धत तयार करणारा माणूस म्हणजे अमेरिकेतील मिलवॉकीचा फिल काट्झ. त्याच्या आधीच्या कामावरून १९८८ साली एका कंपनीने त्याला न्यायालयात खेचले. १९८९ साली त्याने नवी झिप पद्धती काढली, आणि तिची रचना सर्वांना खुली करून टाकली. हे त्याचे खरे औदार्य. २००० साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी तो गेला. परंतु आजही बहुतेक झिप फाइलींचे पहिले दोन बाइट पाहिले तर तेथे ‘पी’ आणि ‘के’ ही त्याची आद्याक्षरे आढळतात.

झिपमध्ये प्रत्येक वस्तू वेगळी आवळलेली असते, आणि प्रत्येकीबरोबर पडताळ्याचा एक अंक असतो. वाटेत एक ठिपका बिघडला तरी उलगडताना तो उमगतो. अनुक्रमणिका मात्र पुस्तकाच्या शेवटी असते. म्हणूनच अर्धवट उतरलेली झिप बहुधा उघडतच नाही. रार किंवा सेव्हन-झिप या पद्धती पुष्कळदा अधिक आवळतात, हे खरे. पण विंडोज झिप आपोआप उघडू लागली त्याला दोन दशके उलटली. त्या दोघांना ते भाग्य विंडोज ११मध्ये २०२३ साली लाभले. थोड्या जागेच्या लोभाने घेणाऱ्याला नवे हत्यार शोधावयास लावणे आम्हांस पसंत नाही. आणि आधीच आवळलेली जेपेग चित्रे पुन्हा आवळणे हा तर चिपाडे चरकात घालण्याचा प्रकार आहे.

इतके झाल्यावर एक वस्तू उरते, आणि आमच्या मते तीच मुख्य. ती म्हणजे गाठोड्यातील ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी. मोटार कोणी केली, केव्हा केली, सांगाडा कोणाकडून घेतला, रंगकाम कोणाचे, आणि पुढे कोणी बदल केला तर चालेल की नाही, हे तिच्यात असते. खेळाला या चिठ्ठीची गरज नाही. ती काढून टाकली तरी मोटार तशीच धावते. म्हणूनच ती सर्वांत आधी जाते. एखादा मनुष्य दुसऱ्याची मोटार उचलतो, तांबडीची निळी करतो, चिठ्ठी गाळतो आणि नवे गाठोडे आपल्या नावाने बांधतो. मूळ कारागिराला या कामाचा पैसा मिळालेला नसतो. मिळावयाचे ते नावच, आणि तेही गेले. याला चोरी म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

कोणी म्हणेल, नाव मूळ संकेतस्थळावर आहेच की! २००९ साली याहूने जिओसिटीज ही संकेतस्थळांची वसाहत जपानखेरीज सर्वत्र बंद केली. हौशी लोकांची असंख्य पाने तेथे होती. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांतली बरीचशी नकलून ठेवली, सगळी नव्हे. पान गेले तरी त्यावरून कोणी उतरवून घेतलेले गाठोडे कोणाच्या तरी तबकडीवर राहते, आणि त्या वेळी त्यात चिठ्ठी होती की नव्हती, यावर सारे अवलंबून असते.

जाता जाता पालकांसाठी एक सूचना. मोटारीच्या गाठोड्यात आकार, चित्रे, आवाज आणि मजकूर असावा. त्यात स्वतः चालणारा कार्यक्रम, म्हणजे ‘ईएक्सई’ फाइल, असण्याचे कारण नाही. ती दिसली तर मुलांनी ती उघडू नये.

आता शेवटचा प्रश्न, जो खरोखर अवघड आहे. चिठ्ठी आहे, पण परवानगीविषयी ती काहीच बोलत नाही. कारागिराचा पत्ता लागत नाही. आणि त्याची मोटार नव्या यंत्रात नीट बसत नाही. काहीजण म्हणतात, हात लावू नये. काहीजण म्हणतात, दुरुस्त करून सरळ नव्या नावाने द्यावी. आम्हांस दोन्ही पटत नाहीत. जुने गाठोडे जसेच्या तसे, चिठ्ठीसकट जपावे. दुरुस्ती केल्यास ती वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या नावाने करावी. जुनी चिठ्ठी अक्षरशः आत ठेवून तिच्याखाली आपण काय बदलले ते तारखेसह लिहावे. आणि मूळ कारागीर उद्या परत येऊन ‘काढा’ म्हणाला, तर निमूटपणे काढावे.