सही करण्याआधी विचारा

जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांतल्या मुली आज नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद, एम.बी.बी.एस. शिकत आहेत. आज आम्ही त्यांच्याशी आणि त्यांच्या आयांशी बोलणार आहोत.

वर्गात मॅडम कागद वाटतात. हिमोग्लोबिनच्या अभ्यासासाठी रक्त द्यायचं असतं, नाहीतर पाळी, झोप, मनावरचा ताण यांवरची प्रश्नावली भरायची असते. विद्यार्थिनी समोरच बसलेल्या, म्हणून संशोधनाला त्या सहज मिळतात. पण जिच्या हातात आपले मार्क, तिला नाही कसं म्हणायचं?

हा प्रश्न जुना आहे. १८९७ साली मुंबईत प्लेग होता. डॉ. हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. पण कोंडलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा? विद्यार्थिनी काही कैदी नाही, तरी दबाव तिच्यावरही असतो. म्हणूनच आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, वरिष्ठांच्या हाताखाली असलेल्या विद्यार्थ्यांना जास्त जपावं असं धरलं आहे.

तेव्हा पोरींनो, एकमेकींचा बी.पी. मोजणं हा शिकण्याचा भाग, संशोधन वेगळं. त्यात सहभाग ऐच्छिक असतो. सहीआधी विचारा: हे कशासाठी? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? माझं नाव कोणाला दिसेल? त्रास झाला तर उपचार कोण करणार? माहितीचा कागद मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. सही केल्यावरही माघार घेता येते, कारण सांगावं लागत नाही. ए.एन.एम., जी.एन.एम.ला सतराव्या वर्षीही प्रवेश मितो. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमतीही लागते. म्हणजे आयांनो, तुम्हीही वाचल्याशिवाय सही करू नका.

शिक्षकांनाही आमची विनंती आहे. संमती स्वतः घेऊ नका, वर्गाशी संबंध नसलेल्या व्यक्तीला घेऊ द्या. कोण हो म्हणालं, कोण नाही, हे निकाल लागेपर्यंत तुम्हाला कळूच नये.

संशोधन व्हायलाच हवं. आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी का, हे त्यातूनच कळणार. पण उद्या हीच मुलगी पेशंटची संमती घेणार आहे. तिला आज "नाही" म्हणता आलं, तरच ती उद्या दुसऱ्याचं "नाही" ऐकेल.