तेल निघते, गाळ उरतो

(मुरुम, ता. उमरगा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



मुरुमच्या शिवारात बोअर घेताना करड्या दगडाची भुकटी उडते. पाणी लागले की त्या भुकटीकडे कोणी वळूनही पाहत नाही. येथील काळ्या पाषाणात खनिज तेल सापडत नाही. तरीही तेलविहिरीचा प्रश्न समजून घेण्यास बोअरसारखे सोपे उदाहरण नाही.

तेलविहीर काही किलोमीटर खोल जाते. खोदकाम चालू असताना तिच्यात रसायनमिश्रित जड चिखल सतत फिरवावा लागतो. तो खोदयंत्राचे टोक थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालच्या वायूचा दाब रोखून धरतो. काम संपते, तेव्हा हा चिखल आणि चुरा मागे उरतो. पुढे तेलाबरोबर खारे पाणी येते. विहीर जुनी होते, तसे ते सहसा वाढत जाते. ते शेतात शिरले तर जमीन नापीक होते. म्हणून ते शुद्ध करावे लागते किंवा पुन्हा खोल थरांत सोडावे लागते.

१९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. १९७६ साली उत्पादन सुरू झाले आणि परकीय तेलावर विसंबणाऱ्या देशाला मोठा आधार मिळाला. हे कर्तृत्व अभिमानास्पदच आहे. परंतु तेलविहिरीवरील ताबा सुटला तर काय घडते, हे आसामने पाहिले. २७ मे २०२० रोजी बाघजान येथे विहीर उसळली, ९ जूनला तिने पेट घेतला आणि ती पूर्णपणे शमण्यास नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीची हानी झाली. हजारो ग्रामस्थांना घरे सोडावी लागली.

नियम नाहीत, असे नाही. ऑगस्ट २००५ च्या केंद्रीय अधिसूचनेने डिझेलयुक्त चिखलास मनाई केली आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत खडकाचा चुरा टाकताना सागरी जीवसृष्टीला आणि किनाऱ्याला अपाय होऊ नये, अशी अट घातली. जमिनीवरील कचऱ्याच्या खड्ड्याला अस्तर लावणे आवश्यक ठरवले. 'टेरी' या संस्थेने तेलकट गाळाचे विघटन करणारे जिवाणूंचे मिश्रणही विकसित केले. विज्ञान आहे, कायदा आहे. कसोटी पालनाची आहे. चार पैसे वाचावेत म्हणून फाटके अस्तर तसेच ठेवले, तर कागदावरचा नियम गावाची विहीर वाचवीत नाही.

ही कसोटी केवळ तेल कंपन्यांची नाही. तेच तेल अखेर गावोगावच्या गॅरेजांत पोहोचते. इंजिनातून काढलेले काळे तेल ओढ्याकाठी ओतले, की पाषाणाच्या भेगांतून ते खाली उतरू शकते. आणि या भेगा म्हणजेच येथील भूजलाचे भांडार. २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांनुसार असे तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे. प्रत्येक गॅरेजात झाकणाचे एक पिंप असावे आणि ते कोठे रिकामे होते, याची गावाने चौकशी करावी.

भूमीला माता म्हणायचे आणि तिच्याच पाण्यात काळे तेल मिसळू द्यायचे, ही विसंगती मुरुमपासूनच दूर व्हावी.