श्रद्धा आणि संसार

आमच्या होटगीला रेल्वेचा फाटा फुटतो. मुंबई-सोलापूरकडून येणारी मुख्य लाइन पुढे वाडीकडे जाते आणि दुसरी विजापूर-गदगकडे वळते. जंक्शनच्या गावातल्या माणसाला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. गाडीत शेजारी कोण येऊन बसेल आणि काय बोलून जाईल याचा नेम नसतो.

नारायण वामन टिळकांचे असेच झाले. लोकमान्य नव्हेत बरे का; हे कवी टिळक, शाळेच्या पुस्तकांतून मुलांना भेटणारे. १८९३ च्या सुमारास नागपूरकडून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. ते गृहस्थ पुन्हा कधी भेटले नाहीत. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले, आणि येशूचे डोंगरावरचे प्रवचन आल्यावर ते त्यांच्याच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

चित्पावन ब्राह्मणाचे घर. पत्नी लक्ष्मीबाई, पदरी लहान मुलगा. सासरमाहेरच्या मंडळींच्या दृष्टीने हा माणूस आता असून नसल्यासारखाच. बाईंची मनःस्थिती काय झाली असेल ती कल्पनेने ओळखावी. नातलगांनी त्यांना आधार दिला आणि त्या आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरास येऊन राहिल्या. त्या वेळी पंढरपुरापर्यंत आगगाडीही नव्हती.

येथे एक कायद्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. १८५० च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जात नसे. पण मन दुखावलेल्या घरात कायद्याचा कागद घेऊन कोण जाणार? पुढे १८६६ चा दुसरा कायदा आला. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने दूर राहिला, तर ख्रिस्ती झालेल्याने कोर्टात जावे, आणि मुदतीनंतरही जोडीदार नांदायला तयार नसला तर विवाह मोडून घेता यावा, अशी त्यात तरतूद होती. टिळकांचे वय तेव्हा तिशीपस्तिशीचे. ही वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ते थांबले. मला त्यांच्या बाप्तिस्म्यापेक्षा हे थांबणे अवघड वाटते. विश्वास सोडायचा नाही, आणि बायकोलाही सोडायचे नाही!

आणि तिकडे बाईंचा हट्ट काही कमी नव्हता. नवरा आपला, पण त्याचा धर्म आपला नाही, असे त्यांनी धरून ठेवले होते. काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला आल्या तेव्हाही सोवळे सोडून आल्या नाहीत. बाईंची तीही निष्ठाच होती, असे मी म्हणेन. जिने असे घट्ट धरून ठेवले, तिचे बदलणे उगीच नसते. बदल झाला तो प्रथम जातिभेदाविषयी. देवाने माणसे केली, मग ह्या जाती कोणी केल्या, असा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला, आणि कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची अडचण वाटेनाशी झाली. मगच १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सगळी कहाणी त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहिली आहे, आणि नवल असे की ती वाचताना माणूस हसतो. शिक्षकबंधूंनी हे पुस्तक वर्गात अवश्य वाचून दाखवावे. शाळा न शिकलेल्या बाईंची ती मराठी आहे.

टिळक चारचौघांत नावाजलेले होते. त्यांच्यामागे मिशन होते. खेड्यापाड्यांतून गावकुसाबाहेरची जी कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांची स्मृतिचित्रे कोणी लिहिली नाहीत. पाणवठ्यावर त्यांना पूर्वीचीच वागणूक मिळे. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म काय लिहावा, हा प्रश्न अशा घरात नुसता श्रद्धेचा नसतो. शिष्यवृत्तीचाही असतो. तरी जी माणसे खरे तेच लिहितात, त्यांची नावे छापली जात नाहीत.

टिळकांनी पुढे अभंग लिहिले, कीर्तने केली. ख्रिस्ती उपासनेत टाळमृदंग आणला. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' काढला, म्हणजे उतारवयात पुन्हा ओढाताण अंगावर घेतली. ९ मे १९१९ रोजी ते गेले. 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्राचे ओवीबद्ध काव्य त्यांनी हाती घेतले होते, त्याचे दहाअकरा अध्यायच झाले होते. ते पुढे लिहायला बसल्या लक्ष्मीबाई. एके काळी ज्या नावापायी संसार मोडला, त्याच नावावर त्यांनी साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ साली त्या गेल्या. १९३८ मध्ये 'ख्रिस्तायन' छापून निघाले.