जी लढत झालीच नाही, तिचा निकाल

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर जिन्यात उभं राहून आपण दोन तास भांडलो. वाद होता बॉक्सिंगचा. जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स समोरासमोर आले असते तर कोण कोसळला असता? शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका. डेम्प्सी गोरा, हेवीवेटचा जगज्जेता. विल्स काळा, ‘काळ्यांचा जगज्जेता’. एकाच देशात, एकाच काळात, एकाच वजनात दोन चॅम्पियन, आणि दोघांची लढत कधीच झाली नाही. शेजारी ओरडले तेव्हा कुणीतरी म्हणालं, जिन्यात काय बोंबलतोस, वर्गात येऊन बोल. म्हणून उभा आहे. मी पंडित नाय. मॅट्रिक झालेला गोदीतला माणूस. चुकलो तर तिथंच धरा.

आधी दोन्ही बाजू नीट मांडतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की याने आपल्या माणसाचीच तळी उचलली.

डेम्प्सीची बाजू. ४ जुलै १९१९, टोलेडो. समोर जेस विलार्ड, साडेसहा फुटांचा पहाड. डेम्प्सीने त्याला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली घातला. त्याआधी १९१८ मध्ये फ्रेड फुल्टनला अर्ध्या मिनिटाच्या आत आडवा केला. माणूस म्हणजे वादळ होता. हे नाकारणारा खोटारडा.

विल्सची बाजू. त्याच फुल्टनला त्याने १९२० साली तिसऱ्या फेरीत संपवला. सॅम लँगफर्डसारख्या भयंकर ठोसेबाजाशी तो सतरा-अठरा वेळा लढला. आणि फिर्पो. अर्जेंटिनाच्या या गड्याने १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये डेम्प्सीला रिंगच्या दोऱ्यांबाहेर फेकला होता. डेम्प्सी परत आत आला आणि दुसऱ्या फेरीत जिंकला, ते वेगळं. पुढच्या वर्षी जर्सी सिटीत याच फिर्पोला विल्सने बारा फेऱ्या झोडपलं. अधिकृत निकाल द्यायची पद्धत तिथं नव्हती, पण बघणाऱ्यांनी पाहिलं. तरी लोक म्हणाले, झोडपलं खरं, पण झोपवलं कुठं?

म्हणजे हिशेब बरोबरीत. इथपर्यंत आपण जिन्यातच पोचलो होतो. माझं म्हणणं इथून सुरू होतं.

ही लढत ‘झाली नाही’ असं आपण म्हणतो, जणू पाऊस आला आणि मॅच बुडाली. झाली नाही, हा शब्दच लबाड आहे. ती होऊ दिली नाही. आणि ‘नाही’ असं तोंडावर म्हणणारे थोडे होते. बाकी सगळे म्हणत होते : हो, पण आत्ता नको.

क्रम बघा. जॉन सुलिव्हनने काळ्यांशी लढायचं नाकारलं. पीटर जॅक्सन त्याच्या दारात उभा राहिला, दार उघडलं नाही. १८९१ साली हा जॅक्सन सॅन फ्रान्सिस्कोत कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला, निकाल नाही. पुढच्याच वर्षी कॉर्बेटने सुलिव्हनला हरवलं, जगज्जेता झाला, आणि जॅक्सनला संधी दिली नाही. मग १९०८ साली सिडनीत जॅक जॉन्सनने रेषा मोडली. पहिला काळा जगज्जेता! १९१० मध्ये रेनोला त्याने जेफ्रीजला लोळवलं, तर त्या रात्री अमेरिकेच्या शहराशहरांत काळ्यांना रस्त्यावर मारलं, काहींचे जीव घेतले. एका माणसाचा ठोसा रिंगमध्ये बसला आणि सूड बाहेरच्या वस्तीवर उगवला. आपल्याला हे नवं नाय. गावात एकाने मान वर केली की अख्खा वाडा जाळतात.

१९१५ साली हवानात जॉन्सन हरला आणि रेषा परत आखली गेली. डेम्प्सीने मुकुट घेतला त्याच महिन्यात जाहीर करून टाकलं, काळ्या आव्हानवीराला संधी नाही. पण विल्स हटेना. १९२२ मध्ये करार झाला. सह्या झाल्या, तारीख नाही, जागा नाही. १९२५ मध्ये परत करार. विल्सच्या हातात पन्नास हजार डॉलर आगाऊ पडले. डेम्प्सीला द्यायच्या रकमेचा चेक वटला नाही, करार फसकटला. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या कमिशनने सांगितलं, आधी विल्सशी लढा. तर प्रमोटर टेक्स रिकार्डने लढतच उचलून फिलाडेल्फियाला नेली. २३ सप्टेंबर १९२६. लाखावर माणसं पावसात बसून बघत होती आणि डेम्प्सी जीन टनीकडून मुकुट हरला. रेनोची १९१० ची लढत भरवणारा आणि तिथं पंच म्हणून उभा राहणारा हाच रिकार्ड. पुन्हा दंगा नको, आणि गल्ला तर हवाच.

आता वय मोजा. विल्सचा जन्म १८८९ चा. डेम्प्सी जिंकला तेव्हा तो तिशीचा. फिलाडेल्फियाच्या वेळी सदतीस. डेम्प्सीपेक्षा सहा वर्षांनी मोठा. थांबवून ठेवायला ठोसा लागत नाही, कॅलेंडर पुरतं. पुढच्याच महिन्यात विल्स ब्रुकलिनमध्ये शार्कीशी लढताना बाद झाला. लगेच शहाणे बोलायला मोकळे : बघा, दम नव्हताच!

दोस्तांनो, हे वाक्य कुठं ऐकलंय? जाहिरात निघते, अर्ज घेतात, मुलाखत होते. मग कागद येतो, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’. जागा रिकामी, अनुशेष वाढतोय, पोरगं वयाच्या अटीबाहेर. आणि तोच बाबू चहा पिताना म्हणतो, यांच्यात मेरिट कुठाय? अरे, ज्याने आपल्यासमोर माणूस उभाच राहू दिला नाही, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला मेरिट म्हणायचं?

म्हणून मी म्हणतो, विल्स जिंकला असता असं सिद्ध करायची आपल्याला गरज नाय. कदाचित तो पहिल्याच फेरीत झोपला असता. झोपू द्या ना! त्याला हरायचाही हक्क होता. तोच चोरला त्याचा. आणि त्याच्याबरोबर डेम्प्सीचाही काहीतरी चोरला. आज शंभर वर्षांनीही डेम्प्सीचं नाव निघालं की कुणीतरी विचारतोच, विल्सचं काय?

काही साथी म्हणतील, डेम्प्सीही गरीबच होता. खरंय. खाणीत राबलेला, मालगाड्यांतून फुकट फिरलेला, उपाशी झोपलेला. आणि विल्स? न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर हमाली केलेला. हे वाचलं तेव्हा रात्रपाळीहून आलो होतो, पाठ ठणकत होती. पहिल्यांदा वाटलं, साला हा आपल्या टोळीतला आहे. खाणीतला एक, धक्क्यावरचा एक. दोघंही मजूर. तरी भाकरी मिळाल्याबरोबर एकाने रेषेच्या त्या बाजूला पाय रोवला. दोघांची भूक एकच होती, पण त्या भुकेने रेषा पुसली नाही. वर्ग की वर्ण, असा वाद घालणाऱ्यांनी या दोघांकडे बघावं.

आता शेवटचं, आणि हे टाळ्यांसाठी नाय.

जॅक जॉन्सन. आपला हिरो. माझ्या खोलीत त्याचा फोटो आहे. त्याने जगज्जेता झाल्यावर काय केलं? सॅम लँगफर्डला १९०६ मध्ये, म्हणजे मुकुट यायच्या आधी, त्याने हरवलं होतं. मुकुट आल्यावर लँगफर्ड मागत राहिला, जॉन्सनने एकदाही दिली नाही. काळ्या आव्हानवीराशी मुकुटासाठी तो लढला फक्त एकदा, १९१३ मध्ये पॅरिसला, बॅटलिंग जिम जॉन्सनशी. लँगफर्ड आंधळा झाला. हार्लेममधल्या एका खोलीत, दारिद्र्यात सापडला. गोऱ्यांच्या लढतीत गल्ला मोठा होता, हे कारण मला समजतं. पण समजणं वेगळं, माफ करणं वेगळं. रेषेने ज्याला भाजलं, त्यानेच ती रेषा दारात ओढली.

१९१५ नंतर २२ वर्षं एकाही काळ्याला हेवीवेटच्या मुकुटासाठी लढू दिलं नाही. १९३७ साली शिकागोत जो लुई जिंकला तेव्हा कुठं दार उघडलं. विल्स तोवर निवृत्त झाला होता. हार्लेममध्ये घरं भाड्याने द्यायचा. १९५८ साली गेला.

१९७२ मध्ये इथल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून ‘दलित पँथर’ नाव घेतलं. नाव घेतलं तर त्यांचा सगळा इतिहास घ्यावा लागेल. जॉन्सनचा ठोसा घ्यायचा आणि लँगफर्डची खोली सोडायची, हे चालणार नाय. म्हणून विचारतो : आपल्यात लँगफर्ड कोण आहे? मागच्या बाकावर या आपल्या बहिणी बसल्यात. सतरंजी त्या घालतात, चहा त्या करतात, मोर्चात पहिली लाठी त्या खातात. आजवर इथं किती भाषणं झाली आणि त्यातली किती त्यांची? आपण त्यांना कधी ‘नाही’ म्हणालो नाय. आपणही म्हणतो, हो, पण आत्ता नको.

डेम्प्सी-विल्सचा निकाल आता कुणाच्या बापाला लागायचा नाय. हा दुसरा आपल्या हातात आहे. पुढच्या महिन्याचं भाषण त्यांच्यातल्या एकीने करावं. विषय तिनेच ठरवावा. चहा मी करीन.

जयभीम.