मॅगझिन कुणी बनवलं?

मी मार्गासनीचा. नसरापूरहून वेल्ह्याला जाताना राजगडाच्या गुंजवणे वाटेचा फाटा जिथं फुटतो, ते आमचं गाव. घरची भातशेती, पण माझी सगळी नोकरी पोलिस दलाच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून झाली. पिस्तुलं, रायफली उघडायच्या, पुसायच्या, दुरुस्त करायच्या. आज पिस्तुलाच्या ज्या भागाबद्दल बोलणार आहे, त्याला बरेच जण भाग मानतच नाहीत. गोळ्या ठेवायची डबी समजतात. तो भाग म्हणजे मॅगझिन.

वार्षिक गोळीबार सरावाचा दिवस होता. एका तरुण शिपायाचं नऊ एमएम पिस्तूल चौथ्या गोळीला अडकलं. अडथळा काढून दिला, दोन गोळ्या सुटल्या, पुन्हा अडकलं. पोराचा चेहरा उतरला. म्हणाला, ‘‘मेजर, माझी पकडच ढिली पडतीय का?’’ पकड ढिली असली की पिस्तूल अडकतं हे खरं आहे, पण त्याची पकड चांगली होती. मी त्याचं मॅगझिन काढून शेजारच्याच्या पिस्तुलात चढवलं आणि शेजारच्याचं त्याच्या पिस्तुलात. आता त्याचं पिस्तूल सुरळीत चाललं आणि शेजारचं अडकलं. म्हणजे खोट मॅगझिनबरोबर तिकडं गेली. तोवर दोष पोराला आणि पिस्तुलाला लावून झाला होता.

संध्याकाळी ती दोन्ही मॅगझिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन वेगवेगळ्या कारखान्यांची होती. रंग एक, उंची एक, दोन्हींत १३ गोळ्या मावायच्या. फरक दिसायला वरच्या तोंडाकडं बघावं लागतं. तिथं पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना आम्ही ओठ म्हणतो. खालून स्प्रिंग गोळ्या वर रेटत असते आणि हे ओठ सर्वांत वरची गोळी धरून ठेवतात. स्लाइड मागं जाऊन पुढं येते, त्या झटक्यात वरची गोळी ओठांतून निसटून नळीच्या तोंडात गेली पाहिजे आणि तिच्या जागी पुढची गोळी वर आलेली पाहिजे. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. ओठ थोडे फाकले असतील तर गोळी लवकर सुटते, नाक वर करून उभी राहते, नाहीतर दोन गोळ्या एकदम पुढं येतात. ओठ आवळले असतील तर गोळी उशिरा सुटते आणि वाटेतच थांबते. अडकणाऱ्या मॅगझिनचा एक ओठ दुसऱ्यापेक्षा किंचित बाहेर गेला होता. व्हर्नियर लावून मोजल्यावर कळलं. नुसत्या डोळ्यांना दिसला नसता.

ते कधीतरी फरशीवर पडलं असणार. पण दुसरं मॅगझिनही पडलेलं होतं, त्याच्या तळावरचा पोचा सांगत होता. एकाचे ओठ टिकले आणि एकाचे फाकले, याचं कारण पत्र्याची जाडी आणि त्याला दिलेलं पाणी. कोयता करणाऱ्या लोहाराला विचारा. पोलाद तेच असलं तरी पाणी नीट बसलं नाही तर धार टिकत नाही. मॅगझिनच्या ओठांचं तसंच आहे. जो कारखाना पोलाद तापवून विझवण्याचं काम नेटानं करतो, त्याचे ओठ मार खाऊनही जागेवर राहतात. जो तिथं पैसे वाचवतो, त्याचं मॅगझिन नवं असताना छान चालतं आणि वर्षभरानं दगा देतं. खरेदीच्या वेळी हा फरक कुणालाच दिसत नाही, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

आपल्याकडचं नऊ एमएम वन-ए पिस्तूल इछापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. ते मुळात ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलावरून घेतलेलं. जॉन ब्राउनिंगनं आरंभलेला हा नमुना द्यूदोने सेव्ह यानं पुरा केला आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीनं १९३५ साली बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीनं तो बनवला. पुढं इटलीच्या मेक-गार कंपनीनंही त्याची मॅगझिनं काढली. एकाच नमुन्याला इतक्या हातांनी मॅगझिनं केली. या हाय-पॉवरमध्ये एक गंमत आहे. मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. त्यासाठी आत एक छोटी दांडी असते, ती मॅगझिनच्या पुढच्या अंगावर घासते. मॅगझिनचं ते अंग खरखरीत असेल तर चाप जड लागतो. म्हणजे मॅगझिन बदललं की नेमबाजाच्या बोटाला पिस्तूलच बदलल्यासारखं वाटतं!

आता रायफलीचं एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. इन्सास रायफलीचं डिझाइन पुण्याच्या एआरडीई या संस्थेचं. पाषाणला तिची प्रयोगशाळा आहे. त्या रायफलीचं मॅगझिन प्लॅस्टिकचं, आरपार दिसणारं. किती गोळ्या उरल्या ते जवानाला न मोजता कळावं, हा विचार चांगलाच होता. १९९९ साली कारगिलच्या थंडीत त्या प्लॅस्टिकला तडे गेले. पोलाद मार खाऊन वाकतं, प्लॅस्टिक थंडीत कडक होऊन फुटतं. त्या उंचीवर फुटलेलं मॅगझिन हातात घेऊन उभ्या असलेल्या जवानाचा विचार मनात आला की आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

इराकमध्ये अमेरिकी सैन्याला थंडीऐवजी वाळूचा अनुभव आला. तेव्हा त्यांचं पिस्तूल बेरेटा, मॅगझिन १५ गोळ्यांचं. पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची मॅगझिनं ठीक होती. पण सैन्यानं दुसऱ्या कंत्राटदाराकडून घेतलेल्या मॅगझिनांवर गंज चढू नये म्हणून फॉस्फेटचा जाड, खरखरीत थर दिला होता. तसा थर द्या, असं सैन्याच्याच करारात होतं. तिथली पिठासारखी बारीक वाळू त्या खरखरीत अंगाला धरून बसली, स्प्रिंगवरची पाटी आत रुतू लागली आणि गोळ्या वर येईनात. शेवटी आतून गुळगुळीत लेप दिलेली मॅगझिनं आणावी लागली. कंत्राटदारानं सांगितलं तेच केलं होतं. सांगणाऱ्यानं वाळूचा विचार केला नव्हता.

नेमबाजीच्या खेळात तर हे आणखी नाजूक होतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारात पॉइंट टू-टूची गोळी, मॅगझिनमध्ये पाचच, आणि वेगाच्या फेरीत लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर येतं. या गोळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागं गेली की दोघी एकमेकींत अडकतात. म्हणून चांगली मुलं प्रत्येक गोळी बोटानं मागं टेकवून, एक एक करून बसवतात. पिस्तूल अडकलं तर हात वर करायचा, पंच येऊन तपासतात. चूक खेळाडूची निघाली तर न झाडलेल्या गोळीला शून्य. म्हणून लायसन्स, क्लब, प्रशिक्षक सगळं रीतसर करून या खेळात उतरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. पिस्तुलावर एवढा पैसा घालून मॅगझिनच्या वेळी हात आखडू नका. पिस्तूल ज्या कंपनीचं, मॅगझिन शक्यतो तिचंच, किंवा ती कंपनी स्वतः ज्याच्याकडून बनवून घेते त्याचं घ्या.

स्प्रिंगबद्दल नेहमी विचारतात, मॅगझिन भरून ठेवलं तर ती मरते का? चांगल्या पोलादाची, नीट बसवलेली स्प्रिंग नुसतं दाबून ठेवल्यानं फारशी थकत नाही. ती थकते पुन्हा पुन्हा दाबून सोडल्यानं. हलक्या तारेची स्प्रिंग मात्र दोन्हींनी बसते. तिची उंची नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून बघावी.

आमच्या वेल्ह्याकडच्या पावसात लोखंडाला आठवड्यात तांबूस डाग पडतो. म्हणून लोक मॅगझिनच्या आत तेल ओततात. तसं करू नका. तेलाला धूळ चिकटते आणि ते गोळी पेटवणाऱ्या प्रायमरपर्यंत पोचतं. तळाची पाटी काढा, स्प्रिंग बाहेर घ्या, आतून कोरड्या चिंधीनं पुसा. तेलाचा नुसता हात बाहेरच्या अंगावरून फिरवा.

त्या सरावानंतर मी शस्त्रागारातल्या प्रत्येक मॅगझिनच्या तळावर नंबर घातला आणि एक वही केली. तारीख, मॅगझिनचा नंबर, कारखाना, कितव्या गोळीला अडकलं. तीनदा अडकलं की ते सरावाच्या पेटीतून काढायचं आणि त्याच्या तळावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. लाल ठिपक्याचं मॅगझिन ड्यूटीवर कुणाच्या कमरेला जायचं नाही. तो तरुण शिपाई दर वर्षी सरावाला आला की आधी मॅगझिन उलटं करून तळ बघायचा, मगच गोळ्या भरायला घ्यायचा.