नौकेवरील पेट्रोल-जनित्राची अस्थिर गती

किनाऱ्यापासून दूर असलेल्या नौकेला वीज हवी असेल, तर ती तिची तिलाच निर्माण करावी लागते. अमेरिकेतील तलावांवर व खाड्यांत फिरणाऱ्या अनेक क्रीडानौका आणि गृहनौका यांवर हे काम पेट्रोलवर चालणारे एक लहानसे जनित्र करते. अशा जनित्रात वारंवार आढळणारा एक दोष हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. यंत्र सुरू होते, बंदही पडत नाही. पण त्याचा आवाज एकसारखा राहत नाही. तो चढतो, ओसरतो, पुन्हा चढतो आणि दिवेही त्याच तालावर उजळतात व मंदावतात. हा दोष केवळ कानाला त्रास देणारा आहे असे समजणे चुकीचे होय. त्याचा उपाय चुकला, तर प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते.

जनित्राला स्थिर गती का लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. प्रत्यावर्ती विजेची वारंवारता यंत्राच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज वापरतात; त्यासाठी चार ध्रुवांच्या जनित्राला मिनिटाला १,८०० आणि दोन ध्रुवांच्या जनित्राला ३,६०० फेरे घ्यावे लागतात. भारतात वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने हेच आकडे १,५०० आणि ३,००० होतात. फेरे बदलले की वारंवारता बदलते, बहुधा दाबही बदलतो आणि विजेवर चालणाऱ्या उपकरणांना अपाय होण्याचा संभव असतो.

गती राखण्याचे काम गव्हर्नर करतो. भार वाढून फेरे कमी झाले की तो कार्ब्युरेटरची झडप उघडतो. फेरे वाढले की ती मिटतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये बाष्पयंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला, त्यामागील तत्त्व हेच होते. अशा नियंत्रणाखाली यंत्र कधी स्थिर राहते आणि कधी हेलकावे घेऊ लागते, याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ मध्ये केले. त्याचे सार सोपे आहे. यंत्राची गती किंचित ढळल्यावर ती विचलने हळूहळू विरून जावीत; ती विरण्याऐवजी टिकून राहिली अथवा वाढत गेली, तर गव्हर्नर यंत्राला सावरण्याऐवजी झुलवू लागतो.

तथापि, बहुतेक वेळा मूळ दोष गव्हर्नरमध्ये नसतो. तो असतो इंधनाच्या वाटेत. भार हलका असताना झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरमधील एका अतिसूक्ष्म छिद्रातून येते. हे छिद्र अर्धवट बुजले, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. मिश्रण विरळ होऊन फेरे घटतात. गव्हर्नर झडप उघडतो, मुख्य जेटमधून पेट्रोलचा पुरवठा वाढतो आणि यंत्र उसळी घेते. गव्हर्नर पुन्हा झडप मिटतो आणि तेच चक्र नव्याने सुरू होते.

छिद्र बुजण्याचे कारण बहुधा हंगामाच्या अखेरीस घडते. नौका महिनोन्‌महिने बांधून ठेवली जाते आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जाऊन मागे चिकट राळ उरते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल, तर ते दमट हवेतील पाणीही शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, की पाणी व इथेनॉल यांचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो आणि इंधननळीचे टोक नेमके तेथेच असते.

तपासणीचा आरंभ कानाने करावा. चढउतार तालबद्ध असेल, तर संशय मिश्रणावर किंवा गव्हर्नरवर घ्यावा. यंत्र मधूनच अडखळत असेल आणि त्याला ताल नसेल, तर स्पार्क प्लग, प्रज्वलनाच्या तारा किंवा पेट्रोलमधील पाणी यांकडे पाहावे. त्यानंतर भार जोडून पाहावा. भार पडताच गती स्थिर होत असेल, तर हलक्या भाराच्या वेळचा सूक्ष्म मार्ग बुजलेला असण्याचा संभव अधिक. उलट भाराखाली यंत्र गुदमरत असेल, तर मुख्य जेट, इंधनाची गाळणी, पंप, टाकीचे हवाछिद्र आणि नळीतील इंधनाचा अनाहूत प्रवाह रोखणारी झडप यांची क्रमाने तपासणी करावी. ही शेवटची झडप नौकांवरच आढळत असल्याने जमिनीवरील यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या नजरेतून ती पुष्कळदा निसटते.

निदानाचे सर्वांत सोपे साधन म्हणजे चोक. चालू यंत्राचा चोक किंचित मिटावा. गती स्थिरावली, तर मिश्रण विरळ आहे हे निश्चित झाले. मग छिद्र बुजलेले आहे की गॅस्केटमधून जादा हवा शिरते आहे, एवढेच पाहणे उरते. गती अधिक बिघडून काळा धूर आला, तर मिश्रण आधीच दाट असून चोक किंवा तरंगता गोळा अडकलेला असावा. चोकने काहीच फरक पडत नसेल, तर गव्हर्नरच्या दांड्या अडखळतात काय, त्याची स्प्रिंग सैल झाली आहे काय, हे पाहावे. विद्युत्-नियंत्रित इंधनक्षेपण असलेल्या नव्या जनित्रांना मात्र ही चोकची कसोटी लागू पडत नाही.

धोक्याची जागा येथेच आहे. चोक ही कसोटी आहे, उपाय नव्हे. चोक अर्धवट मिटून जनित्र तसेच चालू ठेवण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण आवाज शांत होतो. पण दाट मिश्रणाच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड फार मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, गंध नाही. त्याची चाहूल इंद्रियांना लागत नाही. ॲरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवरील लेक पॉवेल या जलाशयात ऑगस्ट २००० मध्ये एका गृहनौकेच्या मागे पोहणारी दोन सख्खी भावंडे या वायूने मृत्युमुखी पडली. जनित्राचा धूर मागील फळीखालच्या बंदिस्त पोकळीत सोडलेला होता. त्यानंतर सरकारी तज्ज्ञांनी तेथील गृहनौकांवर मोजमापे घेतली, तेव्हा अशा पोकळ्यांत या वायूचे प्रमाण दशलक्षांश १,२०० या तत्काळ घातक मानलेल्या मर्यादेच्या अनेक पट आढळले.

दुसरा धोका पेट्रोलच्या वाफेचा. ती हवेपेक्षा जड असल्याने उडून न जाता नौकेच्या तळाशी साचून राहते. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी तळाचा वास घ्यावा आणि वायुवीजन पंखा निदान चार मिनिटे चालवावा. कार्ब्युरेटर उघडण्याआधी यंत्र थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची तार सोडवावी. बदलावयाचा प्रत्येक विद्युत भाग, बाहेर ठिणगी न जाऊ देणारा, म्हणजे नौकेसाठीच बनवलेला असावा. मोटारीचा स्वस्त भाग दिसायला सारखा असला, तरी तो येथे चालत नाही.

अशा दुरुस्तीत खर्च अल्प असतो. गाळणी, ताजे पेट्रोल आणि स्वच्छ केलेले जेट एवढ्यावर काम भागते. तिला लागतो तो धीर आणि क्रम. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा आणि मगच पुढे जावे. यंत्राचा आवाज स्थिर झाला म्हणजे काम संपले असे मानू नये. चोक पूर्ण उघडा असताना, रिकाम्या व भरल्या अशा दोन्ही भारांवर वारंवारता स्थिर राहते आणि आतील खोल्यांत लावलेला वायुसूचक निमूट राहतो, तेव्हाच जनित्र दुरुस्त झाले असे म्हणावे.