पाकिटातले तीन हजार येन

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "ताई, जपानमध्ये इंग्रजी शिकवताना बाजूला खासगी शिकवण्या घेता येतात का?" ते तुमच्या व्हिसावर आहे. मला हे कळलं ते चूक करून, म्हणून आधी तीच सांगते.

नवऱ्याची आयटीतली नोकरी, त्यामुळे आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहायला गेलो. तिथे इतके भारतीय आहेत की पहिल्याच आठवड्यात पोहे मिळाले. माझा व्हिसा डिपेंडंट. त्यावर काम करायचं तर इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते. ती मिळाली की रेसिडेन्स कार्डाच्या मागे शिक्का बसतो: आठवड्याला २८ तासांपर्यंत. सगळी कामं मिळून २८ हां, प्रत्येकी नाही! शिक्का मिळाला आणि मी लहान मुलांच्या एका इंग्रजी क्लासमध्ये शिकवायला लागले.

तिथल्या एका मुलीच्या आईने विचारलं, एइकेन जवळ आलीय, घरी येऊन शिकवाल का? एइकेन म्हणजे तिकडची इंग्रजीची परीक्षा, पालक तिला फार मानतात. तासाचे ३,००० येन, सुंदर पाकिटात, दोन्ही हातांनी दिलेले. मी हिशेब केला, क्लासचे १६ तास, हे २, झाले १८. २८ च्या आतच आहोत की!

तीन आठवडे गेले. मग आमच्याच इमारतीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तो शिक्का असल्या कामाला चालत नाही. विचारून तरी ये." शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात गेले. ती रांग म्हणजे दिवसभराचं काम, डबा घेऊनच जा. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमचे तास कोण मोजतं?" क्लासमध्ये हजेरी असते, पगाराची स्लिप असते. शिकवणीचे माझ्याकडे होते फक्त लाइनवरचे मेसेज. नेहमीचा शिक्का अशा कामासाठी, जिथे तास बाहेरून तपासता येतात. स्वतःच्या जिवावर शिकवण्या घ्यायच्या तर त्या कामापुरता वेगळा अर्ज करायचा, आणि परवानगी हातात येईपर्यंत थांबायचं. नाहीतर व्हिसा वाढवताना अडचण येते, प्रकरण गंभीर असेल तर देश सोडावा लागतो. त्या रात्री मला झोप नाही. नवरा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

घरी येऊन क्लासचा करार काढला. तिथेही लिहिलेलं होतं: क्लासच्या मुलांना खासगीत शिकवायचं नाही. सही माझीच.

बाकीच्यांसाठी पटकन सांगते. सरकारी शाळेत 'इन्स्ट्रक्टर' व्हिसावर असाल तर बाहेरच्या क्लासमध्ये शिकवायलाही परवानगी लागते, शिवाय शाळेला विचारावं लागतं. कायम रहिवासी असाल किंवा जोडीदार जपानी म्हणून मिळालेला व्हिसा असेल, तर इमिग्रेशनकडून कामाला बंधन नाही. पण करार तुम्हालाही लागू आहेच, आणि कमाईवरचा करसुद्धा.

त्या आईला सांगायला गेले तेव्हा जपानी शब्दच सुचेनात. 'व्हिसा' एवढं तिला कळलं. चौथं पाकीट तयार होतं, ते तिने हळूच ड्रॉवरमध्ये ठेवलं. मुलगी दाराशी वही घेऊन उभी होती. मी चपला घातल्या. पुढच्या शनिवारी क्लासमध्ये ती नेहमीसारखी पहिल्या रांगेत बसली होती, आणि तीच वही तिने माझ्यासमोर उघडली.